मुलाबाळांना घेऊन फणसाडच्या जंगलात: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

पाऊस उघडला, वाटांवरचं गवत थोडं बसलं आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली की मेसेज सुरू होतात. मुंबईचे, पुण्याचे, पनवेलचे, सगळ्यांचे प्रश्न जवळपास तेच. मी मुरुड तालुक्यातलाच, हे जंगल आमच्या घरामागचं, त्यामुळे लोक विचारतात आणि मला सांगायलाही आवडतं, पण प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून ठेवतोय. आधी साधे प्रश्न, मग अडचणीचे.

फणसाड नक्की आहे कुठे आणि काय आहे?

रायगड जिल्ह्यात, मुरुड आणि रोहा तालुक्यांच्या मधल्या डोंगरांवर. क्षेत्र साधारण ७० चौरस किलोमीटर. जंजिरा संस्थान होतं तेव्हा हे नवाबाचं शिकारीचं राखीव रान, म्हणजे इतरांना कुऱ्हाड चालवायला बंदी, आणि त्यामुळेच किनाऱ्याच्या एवढ्या जवळ असूनही हे जंगल टिकलं. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. काशीदच्या बीचवर हजारो लोक येतात आणि मागच्या डोंगरात काय आहे हे न बघताच परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

यायचं कसं? गाडी नसेल तर?

मुख्य प्रवेश सुपेगावातून. मुंबईहून गाडीने आलात तर वडखळ, अलिबाग, रेवदंडा, मग साळावचा पूल ओलांडून कोर्लई, बोर्ली, काशीद, नांदगाव अशी किनाऱ्याची वाट, अंतर साधारण दीडशे किलोमीटर, पण शनिवारी सकाळी वडखळला अडकलात तर वेळेचा हिशोब सोडून द्या. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, २०२० पासून सुरू आहे, त्यात गाडी चढवता येते आणि पोरांना तो प्रवास जाम आवडतो. पुणेकरांनी ताम्हिणी घाट उतरून कोलाड, रोहा असं यावं. रेल्वेने यायचं तर रोहा स्टेशन, कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते. रोह्याला किंवा मुरुडला उतरल्यावर मात्र पुढे रिक्षा किंवा गाडी ठरवूनच घ्या, येण्याची-जाण्याची दोन्ही, कारण लहान मुलं सोबत असताना भर उन्हात सुपेगावच्या रस्त्यावर एसटीची वाट बघत बसणं बरोबर नाही.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सकाळी हवा गार असते, पक्षी भरपूर असतात, वाटा सुकलेल्या असतात. मार्चपासून दमटपणा वाढतो आणि डोंगरात वारं पडलं की मोठी माणसं पण हैराण होतात.

एप्रिल-मेला येणारे येतात, आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण पाणी कमी झालं की जनावरं पाणवठ्यावर येतात. वैशाखी पौर्णिमेला वनविभाग राज्यभर मचाणावरून प्राणी बघण्याचा निसर्गानुभव ठेवतो. पण रात्रभर न बोलता मचाणावर बसणं सात वर्षांच्या मुलाला जमणार नाही आणि जमावं अशी अपेक्षाही करू नका. मुलं थोडी मोठी झाली की जरूर या.

पावसाळ्यात हिरवंगार असतं ना, मग जुलैत का नको?

हिरवंगार असतं, खरंय. पण कोकणचा पाऊस चार-चार दिवस उघडत नाही, ओढे अचानक भरतात, कातळावर शेवाळं धरतं, आणि गवत एवढं वाढतं की पाय कुठे ठेवतोय ते दिसत नाही. त्यात जळवा. आतल्या वाटा अशा वेळी बंद असतात आणि त्या बंद असतात याला कारण आहे, गेटवरच्या माणसाशी "आम्ही एवढ्या लांबून आलोय" म्हणून वाद घालू नका.

तिकीट, बुकिंग काय लागतं?

प्रवेश फी असते, गाडीची आणि कॅमेऱ्याची वेगळी, दर गेटवरच्या बोर्डावर लिहिलेले असतात. सुट्टे पैसे रोख जवळ ठेवा, कारण नेटवर्क गेलं की ऑनलाइन पेमेंट होत नाही. मुक्काम करणार असाल (त्याबद्दल खाली लिहिलंय) किंवा दहा-बाराजणांचा ग्रुप असेल तर वनविभागाच्या ऑफिसात आधी फोन करून मगच निघा.

गाइड घ्यायलाच हवा का? वाट तर मोबाइलवर दिसते.

घ्या. सक्तीचा विचार बाजूला ठेवा, पण घ्या. गुराख्यांच्या आणि जनावरांच्या वाटा मुख्य वाटेला येऊन मिळतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात, मोबाइलचा नकाशा तिथे काही कामाचा नाही. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तुम्हाला दिसणारच नाही. इथला माणूस चालता चालता थांबतो, हात वर करतो, आणि तुम्ही दोन मिनिटं बघत राहिल्यावर फांदीवरचा तो डाग म्हणजे घुबड आहे हे कळतं. आसपासच्या गावातली आणि वाड्यांवरची पोरं हे काम करतात, त्यांचं घर त्यावर चालतं, तर पैशावरून घासाघीस करू नका प्लीज.

माझा मुलगा ५ वर्षांचा आहे, किती चालेल?

एवढ्या लहान मुलांसाठी जाऊन-येऊन तीन किलोमीटरच्या आसपास ठेवा. आठ-दहा वर्षांची मुलं पाच-सहा आरामात करतात. गाइडला पहिल्यांदाच मुलांची वयं सांगा आणि जवळच्या गाणीपर्यंत न्यायला सांगा. गाण म्हणजे पाणवठा, फणसाडात अशा बऱ्याच आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे, चिखलगाण त्यातली बहुतेक लोकांना माहीत असलेली.

आणि एक, वेळ अंतरावर मोजू नका. मुलं मुंग्यांची रांग बघायला पंधरा मिनिटं बसतील, बसू द्या. त्यासाठीच आणलंय ना त्यांना. "चल चल पुढे वाघ आहे" असं सांगून पळवू नका, इथे वाघ नाही आणि पोरगं शेवटी हिरमुसतं.

मग दिसतं काय काय?

बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी (सशाएवढं छोटं हरीण), रानडुक्कर, वानरं हे सगळं इथे आहे, पण तासाभराच्या चालण्यात यातलं वानर सोडून काही दिसेलच असं कोणी छातीठोक सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दिसण्याची खरी शक्यता आहे ती शेकरूची.

शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. अंगणातल्या खारीपेक्षा कितीतरी मोठा, वरून गडद तपकिरी-तांबूस, पोट फिकट, शेपूट अंगापेक्षा लांब आणि झुपकेदार. तो खाली क्वचितच उतरतो, म्हणून समोर बघत चालाल तर दिसणार नाही. वाटेवर ताजी कुरतडलेली फळं, सालीचे ओले तुकडे पडलेले दिसले की थांबायचं, आवाज बंद करायचा आणि मान वर करून शेंड्यांकडे बघायचं. आधी वरून काहीतरी टपटप पडत राहतं, मग एक फांदी उगाचच हलते, वारा नसताना, आणि मग ती शेपूट लोंबताना दिसते. पानं-काटक्यांचं गोल घरटं पण असतं उंचावर, एकच शेकरू अशी बरीच घरटी बांधतो, त्यामुळे घरटं दिसलं म्हणजे आत तो आहेच असं नाही.

मुलांना एक खेळ द्या. महाराष्ट्राच्या मानचिन्हांची यादी करून आणायला सांगा: शेकरू, हरियाल पक्षी, आंब्याचं झाड, तामणाचं फूल, ब्लू मॉर्मन फुलपाखरू. जेवढी सापडतील तेवढ्यांवर खूण. तामण फुलतो उन्हाळ्यात, हिवाळ्यात आलात तर फक्त झाडावर समाधान माना. मोठ्या मुलांसाठी अजून दोन जोडा, पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष, त्यासाठी परतीच्या वाटेवर खाडीकाठी कोणा जाणकाराला विचारा, आणि राज्यमासा पापलेट, तो रात्री ताटात.

झाडांमध्ये गारंबी दाखवायला गाइडला नक्की सांगा. माणसाच्या मांडीएवढा जाड वेल, एका झाडावरून दुसऱ्यावर पसरत गेलेला, आणि त्याची शेंग मीटरभर लांब. ती शेंग बघितल्यावर गप्प राहिलेलं मूल मी तरी बघितलेलं नाही. त्या वेलावर झोका घ्यायचा मोह मोठ्यांनाच जास्त होतो, घेऊ नका, वर जिथे तो अडकलाय ती फांदी वाळलेली असेल तर थेट डोक्यावर येते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर आदळलं तेव्हा मोठमोठी झाडं पडली, अशा अर्धवट मोडून लटकलेल्या फांद्यांखाली उभं राहू नये ही सवय तेव्हापासूनची.

जनावर दिसलं नाही तर मुलं कंटाळतात, काय करायचं?

गाणीच्या काठचा चिखल. मी तर म्हणेन फणसाडचा सगळ्यात चांगला भाग तोच आहे. रात्री कोण कोण पाण्यावर येऊन गेलं ते सगळं तिथे उमटलेलं असतं. सांबराच्या खुरांचे दोन लांबट अर्धे भाग, भेकराचे तसेच पण अगदी छोटे, रानडुकराच्या खुरांमागे दोन बारीक टोचे. बिबट्याचा ठसा गोलसर, चार बोटं आणि मागे मोठी गादी, आणि नखांच्या खुणा नाहीत, कारण मांजरकुळातले चालताना नखं आत ओढून घेतात. गावातलं कुत्रं तिथून गेलं असेल तर त्याच्या ठशात बोटांपुढे नखांचे टोचे दिसतात. हा एवढा फरक एकदा दाखवला की मुलं स्वतःच शोधायला लागतात. सोबत पट्टी आणि वही द्या, मोजून चित्र काढू द्या. ठशावर पाय मात्र ठेवू नका आणि पाण्याला वेढा घालून बसू नका, पंधरा-वीस मिनिटांत बाजूला व्हा, जनावराला पाणी प्यायला तेवढीच जागा असते.

गिधाडं खरंच आहेत का अजून?

आहेत. पांढऱ्या पुठ्ठ्याची (म्हणजे शेपटीच्या वर पाठीचा भाग पांढरा असलेली) गिधाडं या भागात आहेत, म्हसळा तालुक्यात चिरगावलाही आहेत. नव्वदच्या दशकात देशभर गिधाडं भराभर मेली, गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक देत आणि अशी मेलेली गुरं खाऊन गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं. तेव्हापासून उरलेल्यांना जपायचं काम चालू आहे, त्यांना सुरक्षित खाणं मिळावं म्हणून मेलेलं जनावर ठरावीक जागी टाकतात. ती जागा दाखवा असा हट्ट धरू नका, घरट्यांजवळ तर अजिबात नाही. आकाशात घिरट्या दिसल्या तर दुर्बिणीतून बघा, आणि मुलांना वर लिहिलेली गोष्ट नक्की सांगा, कळते त्यांना.

बूट, कपडे, पाणी?

बूट बंद आणि सोलवर ग्रिप असलेले, घरी आधी वापरलेले. क्रॉक्स, सँडल नको. फुल पँट, फुल बाह्या, रंग मातकट किंवा हिरवा, मोजे पँटवर ओढून घेतलेले. परफ्युम लावू नका, का ते मधमाश्यांच्या प्रश्नात येईल. पाणी मोठ्या माणसाला दोन लिटर, मुलाला एक, आत विकत काही मिळत नाही आणि गाणीचं पाणी प्यायचं नाही. दमट हवेत घाम खूप जातो म्हणून ओआरएसची दोन पाकिटं किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत. सकाळी साडेसहा-सातला चालायला लागा आणि अकराच्या आत बाहेर या.

आजी-आजोबा आहेत, गुडघ्यांचा त्रास. आणि ८ महिन्यांचं बाळ.

बाबागाडी चालणार नाही. बाळाला पोटाशी बांधायची झोळी चालेल, पण पाठीवरची उंच कॅरियर नको, फांद्या बाळाच्या तोंडाला लागतात. आजी-आजोबांना सुपेगावच्या बाजूलाच सावलीत खुर्ची टाकून द्या, गेटच्या आसपासच सकाळी इतके पक्षी येतात की त्यांची सकाळ वाया जात नाही. सगळ्यांनी सगळीकडे जायलाच हवं असं नाही.

टॉयलेट?

गेटजवळ, निघायच्या आधी. आत सोय नाही. डायपर, पॅड, टिश्यू सगळं पिशवीत घालून परत न्यायचं, पुरायचंही नाही, रानडुकरं उकरून काढतात.

राहायचं कुठे?

सुपेगावला वनविभागाची राहायची सोय आहे, तंबू वगैरे, साधी. मुलांना तंबूत झोपायचं म्हणजे सण असतो. आरामच हवा असेल तर नांदगाव, काशीद, मुरुडला भरपूर घरगुती राहण्याच्या सोयी आहेत, सकाळी अंधारात निघावं लागेल एवढंच. जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा. आयत्या वेळी आलात तर गावातल्या बाई नाही म्हणणार नाहीत, पण त्यांनी तुमच्यासाठी चूल परत पेटवायची आणि मासे परत शोधायचे, हे त्यांच्यावर लादू नका.

आम्ही पोपटी लावायचं सामान घेऊन येतोय, आत लावली तर चालेल ना? छोटीशीच.

नाही. पोपटी म्हणजे मडक्यात शेंगा भरून बाहेरून जाळ लावून भाजायच्या, आणि अभयारण्यात आग पेटवायला कायद्यानेच मनाई आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, आणि पोपटीचा हंगाम म्हणजे नेमकं गवत वाळायला लागलेलं असतं. एक ठिणगी पुरते. पोपटी जरूर खा, रायगडात येऊन थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी खाल्ली नाही तर काय खाल्लं, पण राहायला जिथे उतरलाय तिथल्या शेतात, त्यांना विचारून. मडक्यात घालायचा भांबुर्डीचा पाला ते आणून ठेवतील, तुम्ही जंगलातून ओरबाडू नका.

कुत्रा आणला तर? ड्रोन? स्पीकर?

तिन्ही नाही. कुत्रा बांधलेला असला तरी त्याच्या वासाने जनावरं दूर जातात, शिवाय कुत्र्यांचे आजार रानातल्या जनावरांना लागू शकतात. स्पीकर तर घरीच ठेवा.

बिबट्या समोर आला तर?

बहुतेक वेळा तुम्हाला कळायच्या आधीच तो निघून गेलेला असतो. तरी नियम पाळा: मुलं मोठ्यांच्या मध्ये, कोणी पुढे धावायचं नाही, कोणी मागे एकटं राहायचं नाही, सूर्य मावळायच्या बऱ्याच आधी बाहेर. दिसलाच तर पळू नका आणि वाकू नका, लहान मुलाला उचलून घ्या, हात वर करून मोठे दिसा, त्याच्याकडे तोंड ठेवूनच हळूहळू मागे सरका, आणि त्याला जायला वाट मोकळी ठेवा.

साप चावला तर काय करायचं?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चारही कोकणात आहेत. फुरसं छोटं असतं, दगडाखाली, पालापाचोळ्यात बसतं, म्हणून दगड उलटवायचे नाहीत आणि न बघता हात टेकून बसायचं नाही. चावलंच तर माणसाला शांत ठेवा, चालवू नका, अंगठी-बांगडी काढा, चावलेला भाग हलू देऊ नका. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. १०८ लावा किंवा स्वतःच्या गाडीने सरळ मोठ्या सरकारी दवाखान्यात. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन या चारही सापांवर चालतं, त्यामुळे साप मारून, पकडून सोबत न्यायची काहीच गरज नाही.

मधमाश्यांची एवढी भीती का घालता?

कारण पाहुण्यांना त्यांच्यापासूनच जास्त धोका आहे. आग्या मोहोळ उंच झाडांवर, कड्यांवर असतं, आणि ते उठतं ते धुराने, उग्र वासाने, दगड मारल्याने. मोहोळ दिसलं की आवाज न करता मागे वळा, दुसरी वाट धरा. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका, ओढणी-शर्ट डोक्या-तोंडावर ओढून, लहानग्यांना कवेत घेऊन सरळ लांब पळा, जमलं तर गाडीत शिरून काचा बंद करा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबतात. डंख असतील तर नखाने खरवडून लगेच काढा. तोंडाला सूज, श्वासाला त्रास किंवा खूप डंख असतील तर सापासारखंच, थेट दवाखाना.

अंगाला अचानक भयंकर खाज सुटली, कशाने?

हिवाळ्यात बहुतेक खाजकुयली. सोनेरी-तपकिरी मखमलीसारख्या शेंगा वेलाला लटकतात आणि मुलं त्या हात लावायलाच जातात. चोळू नका, चोळलं की कुसं आत जातात आणि पसरतात. चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीन वेळा, मग पाण्याने धुवा, कपडे बदला. तो हात डोळ्याला लागू देऊ नका.

माकडतापाबद्दल ऐकलं, मुलांना आणू का?

माकडताप गोचिडीतून येतो. कोकणात त्याचे रुग्ण सापडले ते सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुका आणि आसपास, २०१६ पासून. फणसाड रायगडात, तिथून बरंच लांब. तरी गोचिडी कोणत्याही गुरं चरणाऱ्या रानात असतात, तर गवतात लोळायचं नाही, आणि राहायच्या जागी परत आल्यावर मुलांची काखा, मांड्या, कानामागची जागा, केस नीट बघून गरम पाण्याने आंघोळ. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायची, तेल-काडी काही नको. पुढच्या आठवडाभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे सांगा.

सकाळी जंगल आणि दुपारी काशीदचा समुद्र जमेल?

जमेल, पण दुपारी नको. अकराला बाहेर, जेवण, झोप, आणि चार-साडेचारला समुद्र. काशीदला पाण्याला ओढ आहे, किनारा देखणा असला तरी तिथे माणसं बुडालेली आहेत, त्यामुळे दमलेल्या मुलांना गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, भरती-ओहोटी जीवरक्षकांना विचारा आणि ते शिटी मारतील तेव्हा बाहेर या. जंजिरा त्याच दिवशी कोंबू नका, राजपुरीच्या बोटीसाठी रांगेतच अर्धा दिवस जातो, दुसरा दिवस ठेवा.

पोरगं वाटेत मागे राहिलं, हाक पोचत नाही, तर?

हे निघायच्या आधीच शिकवा: एकटं पडलोय असं वाटलं की चालायचं नाही, झाडाला धरून थांबायचं आणि शिटी वाजवायची, तीन वेळा, थांबून परत तीन वेळा. प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी, खिशात फोन नंबरची चिठ्ठी. मोठ्यांनी चारी दिशांना पांगायचं नाही, एकजण शेवटच्या जागी थांबतो, गाइड शोधायला जातो. वाटेत रेंज जाते, त्यामुळे किती वाजता परत येणार हे गेटवर सांगून ठेवलेलं असलं पाहिजे.

जखमी पक्षी किंवा एकटं पिल्लू सापडलं तर घरी न्यावं का?

उचलू नका. बऱ्याचदा आई जवळच असते आणि तुम्ही लांब जायची वाट बघत असते. खरंच जखमी असेल तर गाइडला दाखवा, जागा लक्षात ठेवा, आणि वनविभागाच्या हेल्पलाइनला १९२६ वर फोन करा, रेंज नसेल तर गेटवर येऊन सांगा. पाणी पाजू नका, दूध-बिस्किट तर मुळीच नाही, आणि तोपर्यंत मुलांना घेऊन वीस-पंचवीस पावलं मागे थांबा.